गवंड्याचा पहिला घास

कमळू मेंगाळने गवंडीकाम सोडलं, ही बातमी डोळखांबच्या पलीकडच्या त्या पाड्यावर दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी यायची आणि दिवाळीनंतर भात झोडून झालं की खोटी ठरायची. नव्वदच्या दशकात तिथं टीव्ही एकच होता आणि तोही धड चालायचा नाही, त्यामुळे ही बातमी लोक आवडीने ऐकत. कमळू साइटवरून परतायचा, खांद्यावरची पिशवी ओट्यावर टाकायचा आणि बसायच्या आधीच जाहीर करायचा, की आता बस, पुन्हा म्हणून त्या वाटेला जाणार नाही. त्याची बायको जना त्याच साइटवर घमेली वाहून त्याच्याच बरोबर घरी आलेली असायची. ती पिशवीतली थापी काढायची, घासूनपुसून तिला तेलाचा हात लावायची आणि पुढच्या हंगामासाठी आढ्याला खोचून ठेवायची.

तसं पाहिलं तर साइटवर काम सोडायची भाषा कोण करत नाही? ऊन परांचीवर चढायला लागलं की कोणीतरी म्हणणारच, की हे काही खरं नाही, आपण जातो गावाला. अनंता धानके मुकादमाच्या टोळीत तर प्रत्येकाचं कारण ठरलेलं होतं. हिराबाई टोळीतली सगळ्यात जुनी. सिमेंटने हात खाल्ले, असं ती रोज म्हणायची आणि त्याच हातांनी सगळ्यांच्या आधी फावडं उचलायची. तरण्या पोरांना आसनगावच्या कारखान्यातली नोकरी खुणावायची, कारण तिथं डोक्यावर पत्रा असतो आणि रविवारी सुट्टी. गोजर नावाचा तगडा बिगारी एकदा डास चावतात म्हणून गेला, एकदा डाळीत मीठ नसतं म्हणून गेला, आणि एकदा शेजारच्या साइटवरचा मुकादम शिव्या देत नाही असं कळलं म्हणून तिकडे गेला. तो मुकादम शिव्याच काय, काहीच बोलायचा नाही. गोजरला करमेना. आठवडा पुरा व्हायच्या आत तो अनंताच्या शिव्या खायला परत हजर झाला.

कमळूचं कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला उन्हाचं काही वाटत नसे. उंचीचं भय तर त्याला जन्मातच नव्हतं; लहानपणी मधाच्या पोळ्यांसाठी तो कड्यावर लोंबकळलेला. कामावर त्याचा जीव होता. वीट हातात घेतली की तिला उगीच एकदा फिरवायचा, तिची चांगली बाजू शोधायचा आणि मग ती बाहेरच्या अंगाला येईल अशी बसवायचा, जरी उद्या तिच्यावर गिलावा होऊन ती बाजू कोणाला दिसणार नसली तरी. भिंत उभी राहत असताना हा माणूस खुशीत असायचा, गुणगुणायचा, जनाची टिंगल करायचा. आणि घर पुरं झालं, रंग लागला, की याचं तोंड उतरायचं. शेवटचा दिवस तो कोणाशी बोलायचा नाही. गावी परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि पाड्यावर पाय ठेवला की ती ठरलेली घोषणा.

कारण होतं, पण ते सांगायची त्याला लाज वाटायची. दाढीमिशीचा बाप्या माणूस, जेवणासाठी रुसलाय, असं कोणाला कसं सांगायचं?

त्याच्या पाड्यावर एक रीत होती. कोणाचं घर उभं करायचं झालं की सारा पाडा राबायला जायचा. कोणी मेढी, म्हणजे घराचे लाकडी खांब, रोवायच्या, कोणी भिंतीसाठी कारवीचा कूड विणायचा, बाया शेणमातीने लिंपायच्या. आणि घरावर छप्पर चढलं की त्या घरातली पहिली पंगत बसायची ती राबणाऱ्यांची. घरधन्याने वाढायचं, पाणी द्यायचं, आणि ती पंगत उठल्यावर मग स्वतःच्या माणसांना बसवायचं. पहिला घास घ्यायचा मान मधली मेढ उभी करणाऱ्याचा. कमळूचा बाप हा मान घ्यायचा, आणि कमळू त्याच्या मांडीला मांडी लावून बसून तो घास कधी तोंडात जातो याची वाट बघायचा, कारण तोवर दुसऱ्या कोणाला जेवता यायचं नाही. कोणाचं आमंत्रण नसायचं. ज्याने भिंत बांधली त्याला त्या भिंतीआड जेवायला या, असं सांगावं लागतं, हे त्या पाड्यावर कोणाच्या डोक्यातच आलं नसतं.

आणि इथंच मोठा घोटाळा झाला. ती बदलापूरची गोष्ट. तिथं एका इमारतीवर अनंताची टोळी दोन हंगाम राबली. एके दिवशी गोजरने बातमी आणली, की रविवारी त्या इमारतीत पूजा आहे आणि जेवणाचा मांडवही पडलाय. टोळी तेव्हा शेजारच्याच साइटवर होती. रविवारी सकाळी कमळूने ठेवणीतला सदरा घातला. जना लग्नातलं लुगडं नेसली. हिराबाईने केसांना तेल लावलं. नव्या घरात रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून पाड्यावरून आलेल्या नव्या तांदळाची छोटी पिशवी घेतली, आणि ही वरात थेट मांडवात जाऊन पहिल्या पंगतीला, पहिल्या पानावर बसली.

लोकांची कुजबुज सुरू झाली. नेटका कोट घातलेल्या एका गृहस्थाने येऊन अदबीने विचारलं, की आपण कोणाकडचे.

"आमी भिंतीकडचे," कमळू म्हणाला. त्याच्या मते याहून स्पष्ट उत्तर असूच शकत नव्हतं.

त्यांना कोणी हाकललं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हाकललं असतं तर कमळू भांडला असता आणि भांडून मोकळा झाला असता. झालं उलटंच. तो गृहस्थ हसला, त्याने एका बाईंना बोलावलं, त्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही लोकांनी किती छान काम केलंय, पण हे जेवण फक्त सभासदांचं आहे बरं का. आणि प्रत्येकाच्या हातात पेढ्यांची पुडी देऊन त्यांनी सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवलं. रस्त्यात जनाने पेढे खाल्ले, चांगले होते म्हणाली. गोजरने स्वतःचे खाल्ले आणि कमळूचेही खाल्ले. हिराबाईने तर दुसऱ्या दिवशी अजून कुठे पूजा आहे का, अशी चौकशी चालवली. सगळ्यांच्या लेखी ती एक गंमत होती. कमळू तांदळाची पिशवी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून पुढे चालत राहिला. त्या भिंतीतली वीटन् वीट त्याने हाताने बसवलेली होती.

तेव्हापासून दर घराच्या शेवटी त्याचं ते सुरू झालं. घर बांधायचं, ते लोकांच्या स्वाधीन करायचं आणि मग त्याच घरासमोरून परक्यासारखं मान खाली घालून जायचं, याचा त्याला मनापासून वीट आला होता. बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून तो नुसतं काम सोडतो म्हणायचा.

दोन हजार साल उलटून गेल्यावर अनंताने धसईला एका घराचं काम घेतलं. सुनिल नावाच्या भातगिरणीवाल्याचं. गिरणीच्या मागे, वर गच्ची, पुढे पडवी, असं ऐसपैस. आणि या वेळी कमळूने काम सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं, की हे शेवटचं. डोळखांबजवळच्या एका आंब्याच्या बागेत बारा महिन्यांच्या राखणीचं काम त्याने पक्कं केलं होतं. झोपडी बागेतच, एक दिवसही बाग सोडून जायचं नाही ही अट. अक्षय तृतीयेला घराची वास्तुशांत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कमळू राखणदार. बागवाल्याला शब्द गेला होता. जनाने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच तिला ती बातमी खरी वाटली. तिला साइट आवडायची. धसईचा बाजार, हिराबाईच्या गप्पा, दुपारचा चहा, हे सगळं टाकून आंब्यांकडे बघत बसायची कल्पना तिला मुळीच पसंत नव्हती. पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड तिने इतकी वर्षं पाहिलं होतं, की ती त्याला अडवायलाही धजेना.

अनंताच्या मात्र पायाखालची वाळूच सरकली. सापगावचा हा कुणबी माणूस स्वभावाने तापट, तोंडाने फाटका, पण टोळीतल्या माणसांना जपणारा. लोक त्याला काम देत ते कमळूच्या भिंती बघून, हे तो स्वतःशी तरी कबूल करायचा. त्याने कमळूला राखायचे नाना उपाय केले. आधी मजुरी वाढवली. मग शेडमध्ये टेबलफॅन आणून बसवला. मग स्वयंपाकाची बाई बदलली. मग त्याने कमळूला चारचौघांत 'मिस्त्री' म्हणायला सुरुवात केली, आणि काही दिवस तर शिव्या देणंही बंद केलं. त्यामुळे गोजरला काळजी वाटून तो मुकादमाला बरं नाही का, असं विचारत फिरला. कमळू फॅनचा वारा घ्यायचा, नव्या बाईचं कालवण खायचा आणि अक्षय तृतीयेनंतर आपण नाही, असं शांतपणे सांगायचा.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी अनंताने त्याला भज्यांच्या गाडीवर नेलं, समोर बसवलं आणि सरळ विचारलं, की बाबा, मी तुझं काय घोडं मारलंय? कमळूने पुष्कळ आढेवेढे घेतले. हसशील म्हणाला. अनंताने आईची शपथ घेतली. तेव्हा कुठे कमळूने भज्यांकडे बघत बघत बदलापूरची पूजा सांगितली, पाड्यावरची पंगत सांगितली, बापाचा तो पहिला घास सांगितला.

अनंता हसला नाही. तो म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच नाय ते," कमळू ताडकन उठला. "तुला एवढंच वाटतं, म्हनून त सांगत नव्हतो."

भजी तशीच टाकून तो निघून गेला. अनंता कमळूला इतकी वर्षं ओळखत होता, पण त्याचा चढलेला आवाज त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो तसाच उठून सुनिलकडे गेला.

सुनिल वाईट माणूस नव्हता. जेवण घालायला माझी कुठे ना आहे, असं म्हणाला. संध्याकाळी गिरणीच्या अंगणात टोळीची वेगळी पंगत घालू, श्रीखंडपुरी करू. अनंताने सांगितलं, की संध्याकाळी नाही, आधी. आणि अंगणात नाही, घरात. तसा सुनिल चक्रावला. आधी दूध उतू घालवायचं, मग पूजा, मग नैवेद्य, मग पाहुणे, असं सगळं भटजींनी ठरवून दिलेलं. त्यात कल्याणहून त्याच्या सासुरवाडीची माणसं येणार. त्यांच्या आधी गवंडी-बिगारी जेवून उठले, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. जमायचं नाही, म्हणाला. अनंताने जड पावलांनी येऊन कमळूला सांगितलं. कमळू म्हणाला, मी कुठे मागितलं होतं. आणि तो गिलाव्याला लागला. त्या दिवसांत त्याने आतल्या भिंतींना असा काही गुळगुळीत हात दिला, की जनाला बघवेना.

पण या घरात सुनिलच्या वर एक माणूस होतं. त्याची आई, बाईजा. म्हातारी रोज सकाळी येऊन नव्या भिंतींवर पाणी मारायची, परसातल्या भाजीला घालावं तसं प्रेमाने. कमळूचं आणि तिचं रोजचं भांडण असायचं. ओटा उंच झाला म्हणून तिने त्याच्याकडून तो उतरवून घेतला होता, आणि खिडकी बुटकी झाली म्हणून ती चढवून. कमळू तिला आये म्हणायचा, आणि आये, तू आधी भेटली असती त मी गवंडीच झालो नसतो, असंही म्हणायचा. हिराबाईने अनंताकडून ऐकलेली सगळी हकिगत तिच्या कानावर घातली. हिराबाईच्या पोटात काही राहत नसे.

दुसऱ्या दिवशी हातातली पाण्याची नळी तशीच वाहती ठेवून बाईजा कमळूसमोर उभी राहिली. "काय रे, माझ्या घरात जेवायचंय म्हने तुला?"

कमळूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नाही नाही, तसं काही नाही, असं तो पुटपुटला. म्हातारीने त्याचं काही ऐकून घेतलं नाही. तिने तिथूनच मुलाला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत निकाल सांगितला. घरातली वडील मी, म्हणून दूध मी उतू घालवणार, अगदी सकाळी. आणि त्याच शेगडीवर लगेच यांचा भात चढणार. भटजी मुरबाडहून पहिल्या एसटीने येणार, आणि ती एसटी वेळेवर आलेली गावात कोणी पाहिली आहे का? तोवर जेवणं उरकतात. सुनिलने सासुरवाडीचं नाव काढलं.

"त्यांना जलमभर जेवायचंय हितं," बाईजा म्हणाली. "हे एकदाच जेवनार हायत. बसू दे त्यांना आधी."

सुनिलने थोडा वेळ डोकं खाजवलं. मग आईपुढे आपलं काही चालायचं नाही, हे लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे तो पळसाची पानं आणायला माणूस धाडायला गेला.

अक्षय तृतीयेच्या सकाळी घरात नव्या चुन्याचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास भरून राहिला होता. मधल्या खोलीत पत्रावळी मांडल्या. भात, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर आणि वाट्या भरून आमरस. पूजेचा दिवस म्हणून सगळं बिनवशाटाचं, आणि कोंबडीशिवाय कसलं घर, असं हिराबाई हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत बोलली. तिने तरी जागा सगळ्यात आधी धरली. गोजर अंघोळ करून, भांग पाडून आलेला; तो कोणाला ओळखूच येईना. अनंताला बसायचं की वाढायचं ते समजत नव्हतं. शेवटी बाईजाने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. कमळूला पहिल्या पानावर बसवलं. त्याच्या पाठीशी त्यानेच बांधलेली भिंत, शेजारी जना, समोर पदर खोचून वाढणारी बाईजा आणि तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेतलेला सुनिल. कमळूने पाय आत घेतले आणि पाठ भिंतीला टेकवली. त्याला त्या क्षणी फार, फार बरं वाटत होतं.

वाढून झालं. सगळ्यांचे हात पानांवर थांबले. रीत आता सर्वांना पाठ झाली होती. कमळूने घास घेतला की सुरुवात. कमळूने भातात बिरडं कालवलं, घास उचलला, तोंडापाशी नेला आणि तिथंच धरून बसला.

पंगत ताटकळली. मीठ कमी पडलं की काय, असं सुनिलला वाटलं. भात कच्चा आहे का रे, असं बाईजाने विचारलं. अनंताला वाटलं, भरून आलंय बिचाऱ्याला. जना तेवढी खाली मान घालून, ओठ दाबून हसत होती, कारण काय झालंय ते या खोलीत तिला एकटीला कळलं होतं.

भज्यांच्या गाडीवर कमळूने रीत सांगितली होती ती अर्धीच. लबाडीने नव्हे, इतकी वर्षं पहिल्या घासाची आस धरून बसल्यामुळे दुसरी अर्धी त्याच्या मनातूनच गेली होती. पाड्यावर जो नव्या घरात पहिल्या पंगतीला जेवला, तो त्या घराला बांधला गेला. छप्पर गळलं, कूड कलला, वाऱ्याने कौल उडालं, तर त्याने जायचं. बोलावण्याची वाट बघायची नाही. हातातलं काम टाकून, असेल तिथून, हत्यार घेऊन जायचं, आणि हे ते घर उभं आहे तोवर. कमळूचा बाप पार म्हातारपणी, गुडघे धरलेले असताना, लोकांच्या घरांच्या मेढी ठोकून बघत हिंडायचा. ते सगळं आता, घास तोंडाशी आल्यावर, त्याला आठवलं. आणि उद्यापासून तर आंब्याची बाग, जी एक दिवसही सोडून जायची नाही.

कमळूने घास खाली ठेवला नाही, तसा तो ठेवताही येत नव्हता. तो हातात धरूनच त्याने अनंताला ते उरलेलं अर्धं सांगितलं. "जेवलो त घराला बांधलो," तो म्हणाला. "मंग मला थापी खाली ठेवता नाय येत. बाग राखून कसा येऊ मी?"

मग अनंताच्या मिशा थरथरायला लागल्या. फॅन, मजुरी, स्वयंपाकाची बाई, एवढं सगळं करून जे साधलं नव्हतं, ते एका भाताच्या घासाने साधायला आलं होतं, आणि त्यात त्याचं कर्तृत्व काहीच नव्हतं. त्याला हसायचं होतं आणि त्याने आईची शपथ घेतलेली होती. गोजर मात्र शपथेत नव्हता, तो खो खो हसत सुटला.

बाईजा हसली नाही. ती कमळूच्या पानासमोर गुडघे मोडून बसली. "मंग इचार करून जेव, पोरा," ती म्हणाली. "मला बी मानूस लागंल या घराला. सुनिल गिरनी सोडून छतावर चढायचा नाय."

कमळूने जनाकडे पाहिलं. कुठल्याही गोष्टीत नवऱ्याला घाई न करणारी जना त्या दिवशी म्हणाली, "जेव रे. रस तापतोय कधीचा."

आणि कमळूने घास घेतला. पंगत एकदम वाजायला लागली. पुढे अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही, आणि हिराबाईने कोंबडीचं नाव न काढता चार वेळा भात मागून घेतला. बाईजा वाढत होती, सुनिल पाणी देत होता. आधी तो जरा अवघडलेला होता, पण गोजरने त्याच्याकडे हक्काने तिसऱ्यांदा रस मागितला तेव्हा तोही हसला आणि पातेलंच घेऊन आला.

भटजी आले तेव्हा पत्रावळी उचलून जमीन पुसून झाली होती. एसटीने आपला लौकिक राखला होता. एवढ्या सकाळी घरात आमरसाचा वास कसा, असं त्यांनी विचारलं. बाईजाने घडलेलं सगळं न लपवता सांगितलं. भटजींनी ऐकून घेतलं, पूजेआधी आपल्याला काही खाता येत नाही याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि पूजेला बसता बसता आपल्यासाठी एक वाटी झाकून ठेवायला सांगितली. सासुरवाडीच्या मंडळींना कोणी काही सांगितलं नाही, आणि ती जेवून खूश होऊन गेली.

बागवाल्याकडे दुसऱ्या दिवशी कमळू गेला तो नाही म्हणायला. बागवाला रागावला, आणि रागावणारच. त्याला कारण सांगताना कमळूची पंचाईत झाली. जेवलो म्हणून येत नाही, हे काय कारण झालं? पण या वेळी त्याने ते न लाजता सांगितलं. बागवाल्याला ते कळलं की नाही कोण जाणे. पुढच्या हंगामापासून अनंता घराचं काम घ्यायला गेला की भाव बोलायच्या आधी पंगतीचं बोलायचा, आणि कोणी नाक मुरडलं तर, टोळी लहरी आहे हो, माझं काही चालत नाही, असं म्हणून हात वर करायचा.

त्या वर्षी कमळूने पाड्यावर कसलीच घोषणा केली नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली, आणि एके दिवशी डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन, पिशवीत थापी टाकून तो निघाला. कुठे, असं जनाने विचारलं. धसईला, म्हणाला. कोणी बोलावलंय का? नाही. जना त्याच्याकडे बघत राहिली आणि मग आपणही निघाली. किन्हवलीपर्यंत पायी, तिथून एसटी बदलत दोघं चिखलाच्या पायांनी सुनिलच्या पडवीत उभी राहिली. बाईजाने दार उघडलं. काय झालं, म्हणाली. काही नाही, घर बघायला आलो. अरे, काही गळत नाही, कुठे काही झालेलं नाही. तरी कमळू आत गेला. पुढच्या दाराने गेला. खोल्या हिंडला, गच्चीवर गेला, भिंतींवरून हात फिरवला. सगळं कोरडं ठणठणीत होतं. त्याचं तोंड हळूहळू उतरायला लागलं, आणि जनाला काळजी वाटली.

मग स्वयंपाकघरातून त्याची हाक आली. दोघी धावल्या. खिडकीखाली, कोपऱ्यात, तळहाताएवढी ओल धरली होती. बाईजाच्या रोज नजरेसमोर असून तिला दिसली नव्हती. कमळू त्या ओलीसमोर उकिडवा बसला होता आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, की जनाने तो लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता.

घराला ओल आली आणि हसतोस काय रे, असं बाईजाने दरडावून विचारलं.

"मंग आता मलाच यायला लागंल ना, आये," कमळू म्हणाला, आणि त्याने पिशवीतून थापी काढली. बाईजाने तांदूळ धुवायला घेतले.